इराण : सुधारणावाद्यांचा पराभव हा अहिंसेचा पराभव नव्हे

डिसेंबर 2017 च्या अखेरीस तेहरान विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांनी एक घोषणा दिली आणि काही दिवसांतच ती इतर शहरांतल्या निदर्शनांत ऐकू येऊ लागली. सुधारणावादी असोत वा कट्टरपंथी, दोघांचाही खेळ आता आटोपला, असा तिचा आशय होता. त्याआधी वीस वर्षे, मे 1997 मध्ये, अशाच तरुणांच्या उत्साहावर सुधारणावादी नेते मोहम्मद खातमी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले होते. त्यांना सुमारे दोन कोटी मते, म्हणजे झालेल्या मतदानाच्या जवळपास सत्तर टक्के मते पडली होती. एवढा विश्वास वीस वर्षांत का विटला, याचे उत्तर पुष्कळ जण एका दमात देऊन टाकतात : इस्लामी राजवट शांततेच्या मार्गाने सुधारत नसते, ती उलथवावीच लागते. परदेशी राहणाऱ्या इराणी विरोधकांतल्या मोठ्या गटाला हे उत्तर पटते आणि आपल्याकडच्या चर्चांतही ते बिनदिक्कत दिले जाते. मला ते चुकीचे वाटते, आणि त्यामागे निव्वळ रक्तपाताचा तिटकारा नाही. इराणच्या सुधारणावाद्यांनी शांततेचा मार्ग आणि राज्यघटनेच्या चौकटीतला मार्ग हे दोन्ही एकच मानले आणि या समजुतीपायी ते हरले. यांतला पहिला मार्ग त्यांनी पुरता चालून पाहिलाच नाही.

ती चौकट कशी आहे, हे नीट पाहिल्यावाचून त्यांच्या पराभवाचा उलगडा होत नाही. 1979 च्या क्रांतीचे नेते आयतुल्ला खोमेनी यांच्या ‘विलायत-ए-फकीह’ या सिद्धान्तानुसार, शिया श्रद्धेप्रमाणे अदृश्य असलेले बारावे इमाम प्रकट होईपर्यंत राज्यकारभाराचा अंतिम अधिकार धर्मशास्त्रज्ञाकडे राहतो, आणि 1979 च्या घटनेने हा अधिकार सर्वोच्च नेत्याच्या पदात एकवटला. या पदाला लोकनियुक्त संस्थांचा लगाम आहे असे कागदावर दिसते, कारण नेत्याची निवड आणि गरज पडल्यास बडतर्फी 88 सदस्यांच्या तज्ज्ञ मंडळाकडे आहे आणि हे मंडळ जनता मतदानाने निवडते. परंतु मंडळाच्या निवडणुकीला कोणी उभे राहायचे, हे बारा जणांची संरक्षक परिषद ठरवते. त्या बारांपैकी सहा धर्मशास्त्रज्ञ थेट नेताच नेमतो. उरलेल्या सहा कायदेतज्ज्ञांची नावे न्यायव्यवस्थेचा प्रमुख सुचवतो आणि त्या प्रमुखाची नेमणूकही नेत्याच्याच हातात असते. म्हणजे ज्यांनी नेत्याला जाब विचारायचा, त्यांची पारख नेत्याची माणसे करतात. हीच परिषद मजलिसच्या, म्हणजे संसदेच्या, आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची छाननी करते, आणि मजलिसने संमत केलेला प्रत्येक कायदा शरीयत आणि घटना यांच्याशी जुळतो की नाही हेही तीच ठरवते.

घटना बदलून ही कोंडी फोडावी म्हटले, तर 1989 च्या दुरुस्तीने तेही दार बंद केले आहे. घटनादुरुस्तीची सुरुवात नेत्याकडूनच व्हावी लागते आणि शेवटी त्याचीच मान्यता लागते. शिवाय राज्याचे इस्लामी स्वरूप आणि विलायत-ए-फकीह या गोष्टींना कधीच हात लावता येणार नाही, असे कलम 177 मध्ये स्पष्ट लिहिले आहे. सार्वमताची तरतूद कलम 59 मध्ये आहे खरी, पण त्यासाठी मजलिसचे दोन तृतीयांश बहुमत लागते आणि सार्वमताचा आदेश काढण्याचा अधिकार पुन्हा नेत्याचा.

या चौकटीत राहून खातमींनी जे केले ते कमी लेखू नये. 1998 मध्ये लेखक आणि विरोधी कार्यकर्ते यांचे एकामागोमाग एक खून पडले, तेव्हा त्यामागे गुप्तचर मंत्रालयातलीच माणसे असल्याची कबुली त्या मंत्रालयाला जानेवारी 1999 मध्ये जाहीरपणे द्यावी लागली. या राजवटीत अशी गोष्ट त्याआधी घडली नव्हती. वर्तमानपत्रे निघाली, विद्यापीठांत वादविवाद रंगू लागले आणि फेब्रुवारी 2000 च्या निवडणुकीत मजलिसही सुधारणावाद्यांच्या हाती आली. मग ऑगस्ट 2000 उजाडला. नव्या मजलिसपुढे वृत्तपत्र कायद्यातल्या दुरुस्तीचे विधेयक होते आणि चर्चेला सुरुवात होणार, इतक्यात सभापती मेहदी करुबी यांनी सर्वोच्च नेत्याचे एक पत्र वाचून दाखवले : ही दुरुस्ती देशाच्या आणि राजवटीच्या हिताची नाही, ती पुढे नेऊ नये. सभागृहात गोंधळ उडाला, सदस्य एकमेकांच्या अंगावर धावून गेले. पण करुबींनी घटनेने नेत्याला असा हुकूम देण्याचा अधिकार दिला आहे असे सांगितले आणि विधेयक बाजूला ठेवले गेले. बहुमत ज्यांच्याकडे होते त्यांनी एका पत्रापुढे मान तुकवली. माझ्या दृष्टीने सुधारणावादी चळवळीच्या इतिहासातला निर्णायक दिवस हाच होता. त्या दिवशी त्यांच्यावर कोणी बंदूक रोखली नव्हती. सदस्यांनी विधेयकावर मतदान घेतले असते आणि संरक्षक परिषदेला ते फेटाळायला लावले असते, तर निदान संघर्ष उघड्यावर आला असता आणि कोण कोणाच्या आड येते आहे हे लोकांना दिसले असते.

पुढची वर्षे याच वळणाने गेली. राष्ट्राध्यक्षाचे अधिकार वाढवणारे आणि संरक्षक परिषदेच्या छाननीला मर्यादा घालणारे अशी दोन विधेयके खातमींनी आणली, परिषदेने ती अडवली आणि 2004 मध्ये त्यांनी ती मागे घेतली. त्याच वर्षीच्या मजलिस निवडणुकीत परिषदेने दोन हजारांहून अधिक उमेदवार बाद केले. त्यांत सुमारे ऐंशी विद्यमान सदस्य होते. सदस्यांनी सभागृहातच धरणे धरले, शंभराहून अधिक जणांनी राजीनामे दिले, आणि बाहेर रस्त्यावर त्यांच्यासाठी कोणी फारसे जमले नाही. जमणार तरी कसे? जुलै 1999 मध्ये एक सुधारणावादी वृत्तपत्र बंद केल्याच्या निषेधात विद्यार्थी उठले, त्यांच्या वसतिगृहावर रात्री हल्ला झाला, तेव्हा सरकारने काही दिवसांतच त्यांच्यापासून अंतर राखले होते. ‘खालून दबाव आणि वर वाटाघाटी’ हे सुधारणावाद्यांचे विचारवंत सईद हज्जारियन यांचे सूत्र होते, आणि त्याबद्दल त्यांनी मार्च 2000 मध्ये चेहऱ्यावर गोळी झेलली. त्यांच्या पक्षाने सूत्राचा दुसरा अर्धा भाग तेवढा निष्ठेने पाळला. पहिल्या भागाची त्याला धास्ती वाटत राहिली.

ही धास्ती निराधार नव्हती, हे मात्र मान्य केले पाहिजे. या नेत्यांपैकी बहुतेकांनी 1979 ची क्रांती आणि तिच्यानंतरची वर्षे स्वतः पाहिली होती, काहींनी तर त्या काळातल्या दडपशाहीत हातभार लावला होता. क्रांतीची आठवण आज परदेशी उपग्रह वाहिन्यांवर जशी सांगितली जाते त्यापेक्षा ती खूपच गुंतागुंतीची होती. इराणचा राजा, म्हणजे शहा, याची सत्ता बंदुकीने पडली नाही. 1978 च्या शरदात तेल कामगारांनी संप केला, बाजारपेठा महिनोन् महिने बंद राहिल्या, बँका, टपाल, वीज, वर्तमानपत्रे ठप्प झाली, सैनिक बराकी सोडून पळू लागले. शस्त्रे हातात घेतली गेली ती प्रामुख्याने फेब्रुवारी 1979 मधल्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत, सत्ता कोसळतच आली होती तेव्हा. त्यामुळे ‘राजवट उलथवायची तर हिंसा हवीच’ या मताला इराणचाच इतिहास दुजोरा देत नाही. रक्तपात झाला तो विजयानंतर. 15 फेब्रुवारीच्या रात्री तेहरानमधल्या रेफाह शाळेच्या गच्चीवर शहाचे चार सेनाधिकारी गोळ्या घालून मारले गेले, आणि अशा झटपट खटल्यांचे लोण पुढे माजी मंत्री, मग कुर्द, मग डावे, मग कालचे सहकारी असे पसरत गेले. 1988 च्या उन्हाळ्यात तुरुंगांत शिक्षा भोगत असलेले हजारो राजकीय कैदी फासावर चढवले गेले. त्याला विरोध करणारे आयतुल्ला मोन्तझेरी खोमेनींचे नियुक्त वारस होते. त्यांना ते स्थान गमवावे लागले.

त्या पहिल्या वर्षातली एक वस्तू मला फार बोलकी वाटते : मार्च 1979 अखेरच्या सार्वमताची मतपत्रिका. तिचे दोन भाग होते, हिरव्या भागावर ‘होय’ आणि लाल भागावर ‘नाही’. मतदाराने हवा तो भाग फाडून पेटीत टाकायचा, आणि कोणत्या रंगाचा कागद टाकला हे केंद्रावर उभ्या असलेल्यांना दिसायचे. प्रश्न एकच होता : इस्लामी प्रजासत्ताक हवे का? हंगामी पंतप्रधान मेहदी बझरगान यांना त्यात ‘लोकशाहीवादी’ हा शब्द असावा असे वाटत होते. खोमेनींनी एक शब्द कमी नको आणि एक शब्द जास्त नको असे बजावले. घटनेचा मसुदा तेव्हा लोकांपुढे आलेलाच नव्हता. 98 टक्क्यांहून अधिक मते ‘होय’ पडली. लोकांनी ज्या नावाला मत दिले, त्या नावाखाली काय लिहायचे हे नंतर ठरले. जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मसुद्यात विलायत-ए-फकीह नव्हतीच, आणि खोमेनी तोच मसुदा थेट सार्वमताला टाकायला राजी होते. निवडून दिलेल्या सभेत त्यावर चर्चा व्हावी असा आग्रह उदारमतवाद्यांचा होता. ऑगस्टमध्ये निवडलेल्या 73 जणांच्या त्या सभेत धर्मगुरूंचे बहुमत झाले आणि तिने मसुदा मुळापासून बदलला.

असे का झाले? देशभर गावागावांत पोहोचलेली संघटना त्या घडीला एकच उरली होती, मशिदींची. पक्ष, संघटना, स्वतंत्र वृत्तपत्रे शहाने पंचवीस वर्षांत मोडून काढली होती. 1953 मध्ये पंतप्रधान मोसाद्देक यांचे सरकार अमेरिका आणि ब्रिटन यांच्या मदतीने पाडल्यापासून ते 1975 मध्ये एकपक्षीय राज्य आणण्यापर्यंत त्याने हेच केले. उदारमतवाद्यांजवळ कायदेपंडित होते, डाव्यांजवळ विद्यार्थी होते, पण मोहल्ल्यात माणसे पाठवू शकेल असे कोणी नव्हते. आणि जे संघटित नव्हते त्यांना गप्प बसायला सांगितले गेले. 8 मार्च 1979 रोजी, क्रांतीला महिनाही झाला नव्हता तेव्हा, हिजाबच्या सक्तीविरुद्ध हजारो स्त्रिया तेहरानच्या रस्त्यांवर उतरल्या, तेव्हा बहुतेक डाव्या गटांनी, हा प्रश्न आता उकरून काढण्याची वेळ नाही, असाच सूर लावला. त्या स्त्रियांना जे दिसत होते ते देशातल्या कोणत्याच मोठ्या पक्षाला दिसले नाही, याबद्दल मला आजही संताप वाटतो.

तेव्हा इराणच्या बाबतीत ‘सुधारणा की क्रांती’ हा प्रश्नच अपुरा ठरतो. सुधारणावाद्यांनी चौकट मानली आणि ती त्यांना गिळून बसली. क्रांतिकारकांनी चौकट मोडली, पण नव्या चौकटीवर आधी एकमत केले नाही आणि विरोध करणाऱ्याच्या जिवाची हमी दिली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटनासमितीत केलेले भाषण मराठी वाचकाला इथे आठवेल. रक्तरंजित क्रांतीबरोबरच सत्याग्रह, असहकार, कायदेभंगही आता सोडून दिले पाहिजेत, त्यांना त्यांनी अराजकाचे व्याकरण म्हटले. हे भाषण आपल्याकडे पुष्कळदा आंदोलकांना गप्प करण्यासाठी वापरले जाते. पण त्यात एक अट आहे : सनदशीर मार्ग खुले असतील तर. ते खुले नव्हते तेव्हा सनदबाह्य मार्गांना बरेच समर्थन होते, हेही ते त्याच ओघात म्हणाले, आणि 1927 मध्ये महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह करणारेही तेच होते. ही कसोटी इराणला लावा. ज्या घटनेत सत्ता बदलण्याचा एकही मार्ग सत्ताधीशाच्या संमतीवाचून पुढे जात नाही, तिथे नागरिकाने त्या घटनेच्या आज्ञेत राहावे अशी अपेक्षा कोणत्या न्यायाने करायची?

इराणी लोकांनी याचे उत्तर नेत्यांच्या आधी शोधले. 15 जून 2009 रोजी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या निकालाविरुद्ध लक्षावधी माणसे तेहरानमध्ये इन्किलाब चौकातून आझादी चौकाकडे चालत गेली. घोषणा न देता चालायचे ठरले होते, आणि बहुतेक मोर्चा मूकच होता. संध्याकाळी आझादी चौकाजवळच्या बासिज या राजवटीच्या स्वयंसेवी निमलष्करी दलाच्या ठाण्यावरून गोळीबार झाला. मीर हुसेन मुसवी आणि करुबी या त्या निवडणुकीतल्या सुधारणावादी उमेदवारांची मागणी तेव्हाही फेरनिवडणुकीची, म्हणजे घटनेच्या आतली होती. फेब्रुवारी 2011 मध्ये दोघांनाही खटल्यावाचून नजरकैदेत टाकण्यात आले.

डिसेंबर 2017 मध्ये त्याच इन्किलाब रस्त्यावर एक तरुणी विजेच्या पेटीवर चढली आणि डोक्यावरचा पांढरा रुमाल काठीला बांधून शांतपणे उभी राहिली. तिला अटक झाली. पुढच्या आठवड्यांत इतर स्त्रिया अशाच पेट्यांवर उभ्या राहू लागल्या, तेव्हा अधिकाऱ्यांनी काही पेट्यांवर उतरत्या छपरासारखे पत्रे बसवले, कोणाला वर उभे राहता येऊ नये म्हणून. सप्टेंबर 2022 मध्ये महसा अमिनी ही कुर्द तरुणी हिजाबच्या कारणावरून पोलीस कोठडीत असताना गेली आणि त्यानंतरच्या उठावात मानवी हक्क संघटनांच्या मोजणीप्रमाणे पाचशेहून अधिक माणसे मारली गेली, काही तरुणांना फाशी दिली गेली. उठाव दडपला गेला, असे आपण वाचले. पण तेहरानमध्ये उघड्या डोक्याने फिरणाऱ्या स्त्रिया पुन्हा रुमालाखाली गेल्या नाहीत. मजलिसने हिजाबचा नवा, अधिक कडक कायदा संमत केला, संरक्षक परिषदेने त्याला मान्यता दिली, आणि डिसेंबर 2024 मध्ये तो जारी करण्याची वेळ आली तेव्हा सरकारने हात आखडता घेतला. सुधारणावाद्यांना दोन राष्ट्राध्यक्षपदांच्या मुदती आणि एका मजलिसचे बहुमत हाताशी असताना या सक्तीचे एक कलम हलवता आले नव्हते. स्त्रियांनी ना मतपेटी वापरली ना शस्त्र, आणि संमत झालेला कायदा कपाटात राहिला. शांततामय आज्ञाभंग म्हणजे दुबळ्यांचा नाइलाज, असे म्हणणाऱ्यांनी या एका उदाहरणाचे उत्तर द्यावे.

अर्थात गोळीपुढे छाती किती काळ टिकणार, हा प्रश्न उरतोच, आणि तो सोपा नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये पेट्रोल दरवाढीवरून उसळलेल्या निदर्शनांत इंटरनेट बंद करून काही दिवसांत शेकडो माणसे मारण्यात आली. अॅम्नेस्टीने किमान 304 बळींची नोंद केली. राजवटीच्या रक्षणासाठी उभारलेल्या क्रांतिरक्षक दलाकडे बंदुका आहेत तसेच धरणे, रस्ते, बंदरे, तेलाची कंत्राटेही आहेत. व्यवस्था बदलली तर त्याला सत्तेबरोबर मिळकतही गमवावी लागेल. पण म्हणूनच शस्त्रांची लढाई ही त्या दलाच्या मैदानावरची लढाई ठरते. 1981 मध्ये मुजाहिदीन-ए-खल्क या संघटनेने बॉम्ब आणि खून यांचा मार्ग धरला, तेव्हा राजवट खिळखिळी झाली नाही. उलट सगळ्याच विरोधकांना संपवण्याचे निमित्त तिला मिळाले. परकी बॉम्बनी मुक्ती येईल अशी आशा करणाऱ्यांना जून 2025 मधले युद्ध आठवावे : इस्रायलच्या हल्ल्यात एविन तुरुंगावरच बॉम्ब पडले, जिथे राजवटीचे राजकीय कैदी डांबलेले होते, आणि मेलेल्यांत कैद्यांना भेटायला आलेले नातेवाईकही होते. सुदानची गोष्ट वेगळी, पण तिथेही सांगण्यासारखे आहे. ओमर अल-बशीर यांची तीस वर्षांची इस्लामी राजवट एप्रिल 2019 मध्ये लोकांच्या शांततामय धरण्याने पडली. सैन्य आणि निमलष्करी दल मात्र अभंग राहिले, ऑक्टोबर 2021 मध्ये त्यांनी सत्ता बळकावली आणि एप्रिल 2023 पासून आपसांतच युद्ध मांडले.

शहाला ज्याने पाडले ते हत्यार म्हणजे संप, आणि त्याची तयारी इराणमध्ये फार कष्टाने, फार थोड्या बातम्यांत चालू राहिली आहे. तेहरानच्या बसचालकांनी 2005 मध्ये आपली स्वतंत्र संघटना पुन्हा उभी केली आणि तिचे पुढारी वर्षानुवर्षे तुरुंगात गेले. हफ्त तप्पेच्या साखर कारखान्यातले कामगार थकलेल्या पगारासाठी वारंवार उठले. शिक्षकांच्या संघटनांनी देशभर एकाच दिवशी धरणी धरली. मोहल्ल्यात माणसे पाठवू शकेल अशी, मशिदीबाहेरची ताकद उभी राहायची तर ती यांतूनच. परदेशी स्टुडिओंतून राजवटीच्या पतनाच्या तारखा सांगणाऱ्यांनी या संघटनांच्या संपनिधीसाठी खटपट केली असती, तर अधिक उपयोग झाला असता.

इस्लाम आणि लोकसत्ता यांचे मुळातच वाकडे आहे, त्यामुळे हे सारे व्यर्थ, असा आक्षेपही नेहमी येतो. शिया परंपरेला तो लागू पडत नाही. 1906 ची इराणी राज्यघटना राजाकडून मिळवण्यात धर्मगुरू आघाडीवर होते, आणि 1909 मध्ये इराकमधल्या नजफ या शिया धर्मकेंद्रातील आयतुल्ला नाईनी यांनी, इमाम अदृश्य असताना कोणतीच सत्ता निर्दोष नसते, म्हणून तिला घटनेने बांधून ठेवणे हे धर्माचेच काम आहे, असे मांडले. मोन्तझेरी तर 1979 च्या घटनासभेचे अध्यक्ष होते. विलायत-ए-फकीह घटनेत घालणाऱ्या या माणसाने 1997 मध्ये नेत्याच्या अमर्याद सत्तेवर उघड टीका केली आणि पाच वर्षे घरात कोंडून घेतले जाणे पत्करले. डिसेंबर 2009 मध्ये कोम या धर्मनगरीतली त्यांची अंत्ययात्राच निदर्शन ठरली.

फेब्रुवारी 2023 मध्ये नजरकैदेतून मुसवींनी एक निवेदन काढले. याच राजवटीचे आठ वर्षे पंतप्रधान राहिलेल्या या गृहस्थाने, आहे त्या घटनेची अंमलबजावणी करा ही आपली जुनी मागणी आता पुरेशी नाही असे सांगितले आणि तीन टप्पे मांडले : नव्या घटनेची गरज आहे का यावर मुक्त सार्वमत, होकार आला तर घटनासमितीची निवडणूक, आणि तिने केलेल्या मसुद्यावर पुन्हा सार्वमत. खातमी मात्र आहे त्या घटनेच्या मूळ आशयाकडे परतण्याचीच भाषा बोलत राहिले. माझ्या मते मुसवींचा क्रम हाच खरा मध्यममार्ग आहे. त्यात नावाआधी मजकूर लोकांपुढे येतो, जे 1979 मध्ये झाले नाही. सुधारणावादी पक्षांनी संरक्षक परिषदेने चाळून दिलेल्या उमेदवारांसाठी मते मागणे सोडून या मागणीमागे आपले नाव, आपली वर्तमानपत्रे आणि गावोगावचे कार्यकर्ते उभे करायला हवेत. 2024 च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीच्या पहिल्या फेरीत साठ टक्के मतदार घरी बसले होते. त्यांचे राजकारण निवडणुकीबाहेर गेले आहे हे ओळखण्यासाठी याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

पण त्याच निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत कट्टरपंथी उमेदवार सईद जलीली यांना सुमारे 1 कोटी 35 लाख मते पडली, आणि हा आकडा राजवटीच्या विरोधकांना आवडत नाही म्हणून खोटा ठरवता येणार नाही. बासिजमधले तरुण, हुतात्म्यांची कुटुंबे, धर्मादाय प्रतिष्ठानांच्या मदतीवर जगणारे गरीब, मनापासून श्रद्धा असलेले लोक, हे सारे कोणत्याही बदलानंतर इराणमध्येच राहणार आहेत. राजवट गेली तर रेफाह शाळेच्या गच्चीवर आपली पाळी येईल, ही भीती जोवर त्यांच्या मनात आहे तोवर ते शेवटपर्यंत गोळ्या झाडतील. त्यांना मतदानाचा, मशिदीत राजकारण बोलण्याचा, निवडणूक लढवण्याचा हक्क राहील, गुन्हे ज्यांनी केले त्यांच्यावर उघड्या न्यायालयात वकिलासह खटले चालतील आणि कोणालाही फाशी दिली जाणार नाही, असा करार विरोधी पक्षांनी सत्तेत यायच्या आधी आपसांत करून, सह्यांनिशी जाहीर केला पाहिजे. शहाच्या परदेशी राहणाऱ्या मुलाच्या, निर्वासित राजपुत्राच्या, समर्थकांपासून कुर्द पक्षांपर्यंत सगळ्यांनी त्यावर सही करावी, आणि जे करणार नाहीत त्यांना इराणी जनतेने आजच कारण विचारावे.